शेपूट नसलेला नंदी

१

सरकारची अख्खी जीप चोरीला जाते आणि तिची चावी तेवढी चोराच्या ट्रंकेत जपून ठेवलेली सापडते, असं कुठं होतं का? हा प्रश्न लातूरच्या कलेक्टर कचेरीतल्या एकाही शहाण्या माणसाला तीन वर्षांत पडला नाही. तो पडला कस्तुराबाईला, आणि कस्तुराबाईला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं.

१९८६ सालचा मे महिना होता. वाहन शाखेचा कारकून गुरुलिंग ओल्या रुमालानं मान पुसत बसला होता. ओला म्हणजे घामानं. पाण्यात रुमाल भिजवायची चैन त्या वर्षी साहेबांनाही नव्हती. बाईनं पदराची गाठ सोडली आणि टेबलावर एक चावी ठेवली. चावीला पितळी बिल्ला होता आणि बिल्ल्यावर पाचाचा आकडा ठोकलेला होता.

"मी शेषेराव डायव्हरची मालकीण," ती म्हणाली. "ही घ्या तुमची चावी. ट्रंकेत होती."

गुरुलिंगाच्या हातातला रुमाल तिथंच थांबला. शेषेराव हे नाव तो विसरला नव्हता. विसरायची खटपट मात्र बरीच केली होती. चार वर्षांपूर्वी उस्मानाबाद जिल्हा फोडून लातूरचा नवा जिल्हा झाला, तेव्हा भावाभावांत भांडी वाटावीत तशा खुर्च्या, कपाटं, फायली आणि गाड्या वाटल्या गेल्या. लातूरच्या वाट्याला अकरा जीपा आल्या. सगळ्यांत जुना ड्रायव्हर म्हणून शेषेरावानं यादीवर ताबा घेतल्याची सही केली. पुढच्या वर्षी तपासणी झाली तर जीपा दहाच. पाच नंबरची गायब, आणि तीसुद्धा चारही चाकांना जोर असलेली, जिल्ह्यातली एकुलती एक. ज्याची सही त्याची मान! शेषेरावाची नोकरी गेली आणि गावच्या चावडीवर नोटीस लागली की यानं सरकारी जीप परस्पर लंपास केली. त्या अहवालाचा मसुदा गुरुलिंगानं लिहिला होता. कचेरीत त्याचं अक्षर सगळ्यांत वळणदार, म्हणून असली कामं त्याच्याचकडं यायची.

"शेषेराव कसे आहेत?" त्यानं विचारलं.

"फागुणात गेले."

गुरुलिंगानं रुमाल टेबलावर ठेवला. "फॅमिली पेन्शनचं म्हणत असाल तर—"

"मला कायबी नको. चावडीवर जसा कागद लावला तसा दुसरा लावा. शेषेराव चोर न्हवता, असा. शिक्का मारून."

"बाई, तसं पुराव्याशिवाय कसं लिहिणार?"

"मग ही चावी काय हाय?" बाईचा आवाज जराही चढला नाही. "त्यांनी जीप इकली असती तर घेणाऱ्याला चावी देली नसती का? का तो गाडी ढकलत घेऊन गेला?"

गुरुलिंगानं चावी उचलून उलटसुलट पाहिली. त्याच्या अहवालात चावीबद्दल एक ओळसुद्धा नव्हती.

"जाताना काही बोलले का?"

"ताप लई होता. पण शुद्धीत होते. म्हणले, कस्तुरा, जीप लई झकास चालून राहिली, तू काळजी करू नको."

बाई गेल्यावर गुरुलिंगानं जुनी फाईल काढली. शेषेरावानं पाच नंबरची जीप चार वर्षं चालवली होती, आणि त्याचे पाच अर्ज फाईलीत होते. पाचही एकाच मजकुराचे: 'छोटा दांडा चढावर निसटतो. फडक्याने बांधून चालवत आहे. दुरुस्ती व्हावी.' प्रत्येकावर गुरुलिंगाच्याच वळणदार अक्षरात शेरा होता: नोंद घेतली. नंतर ती जीप एका सर्वे कॅम्पाला दिली गेली, ड्रायव्हरही कॅम्पाचाच, आणि अर्ज थांबले.

ताप आलेला माणूस काहीही बरळतो, असं म्हणून त्यानं फाईल मिटली. पण जीप चालून राहिली असेल तर ती कुणीतरी चालवत असणार. गुरुलिंगानं शनिवारची रजा टाकली आणि उदगीरची एसटी धरली.

२

हिप्परगाळी हे शेषेरावाचं गाव लेंडी नदीच्या पलीकडं, जिल्ह्याच्या अगदी काठावर. पुढची चार शेतं ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. नदी म्हणायची ती रिवाजानं. त्या वर्षी पात्रात दोन फर्लांग नुसती वाळू होती. सरकारी टँकर अलीकडच्या काठाला येई, वाळूकडं बघे आणि परत जाई. बायकांनी तीन आठवडे डोक्यावर घागरी घेऊन ती वाळू तुडवली होती. आता मात्र रोज दहाला चावडीसमोर रांग लागे, कारण अलीकडच्या काठावर शेत असलेल्या म्हाताऱ्या सिद्रामप्पांची पिकअप पाण्याची टाकी घेऊन, वाळू ओलांडून थेट गावात येत होती.

ही पिकअप उदगीरच्या मोंढ्यात सगळ्यांच्या ओळखीची होती. पुढं बेडकासारखे दोन फुगीर दिवे, हिरवा रंग, आणि हौद्याच्या दोन्ही अंगाला रंगवलेला पांढरा नंदी. सिद्रामप्पांच्या वडलांनी ती निजामाचं राज्य गेलं त्यानंतर लगेच घेतली होती. एवढं म्हातारं धूड वाळूतून कसं येतं, हे बघायला गुरुलिंग काठावर उभा राहिला.

पिकअप आली, वाळूत उतरली, गुरगुरली आणि पोटभर जेवलेल्या म्हशीच्या चालीनं पलीकडं निघून गेली. कुठं थांबली नाही, की रुतली नाही.

"दिवाळीच्या आधी हीच गाडी हितं रुतली होती," शेजारचा एक म्हातारा म्हणाला. "आठ बैल लागले भाईर काढाया. मग अप्पानी नवं इंजन बशीवलं."

गुरुलिंगाला गाड्या चालवता येत नव्हत्या, पण वाहन शाखेत बावीस वर्षं काढल्यावर माणसाला त्यांच्या दुखण्यांची माहिती होतेच. इंजिन कितीही नवं बसवा, जोर मागच्या चाकांनाच असेल तर पुढची नुसती गडगडत जातात. तो वाळूत उतरला. सरळ वाटेवर मागची चाकं पुढच्यांचा माग पुसून टाकतात, म्हणून तो वळणापर्यंत चालत गेला. तिथं चारही माग वेगवेगळे झाले होते, आणि चारही चाकांनी वाळू उकरून मागं फेकली होती.

गावात पोचेपर्यंत तो घामानं निथळत होता. बायका हौद्यातल्या टाकीच्या नळाशी मागच्या बाजूला उभ्या होत्या. रांगेत कस्तुराबाईही होती. तिनं त्याला पाहिलं, मान हलवली आणि घागर पुढं सरकवली. गुरुलिंग गाडीभोवती फिरला. नंदीचं तोंड, वशिंड, घुंगरांची माळ, सगळं जागच्या जागी होतं. पण मागचा पाय अर्धाच होता आणि शेपूट मुळीच नव्हतं. तो दुसऱ्या अंगाला गेला, तर तिथल्या नंदीचीही तीच गत.

"शेपटाचं काय केलं रे?" त्यानं ड्रायव्हरला विचारलं. ड्रायव्हर अण्णाराव, तिशीतला, गळ्यात लाल रुमाल.

"पत्रा सडला होता, कापला."

"दोन्हीकडं बरोबर एक वीतच सडला?"

अण्णारावानं रुमाल सारखा केला. त्याच्या मांडीवरून गुरुलिंगाची नजर आत गेली. गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी पुढच्या चाकांना जोर देणारा एक छोटा दांडा होता, आणि तो हिरव्या फडक्यानं सीटच्या खिळ्याला आवळून बांधला होता.

"आणि हे फडकं?"

"छोटा दांडा चढाला निसटतो साहेब. म्हणून बांधून चालवून राहिलो."

हेच वाक्य गुरुलिंगानं तीन दिवसांपूर्वी पाच वेळा वाचलं होतं. चोरीची जीप भर चावडीसमोर उभी होती, रोज दहा वाजता येत होती, आणि जिच्या नवऱ्याला तिच्यापायी चोर ठरवलं ती बाई तिच्याच नळाला घागर लावून उभी होती.

३

सिद्रामप्पांचं शेत अलीकडच्या काठाला, उदगीरच्या वाटेवर होतं. पंचक्रोशीत तेवढ्या एका बोअरला पाणी टिकलं होतं, आणि म्हातारा ते फुकट वाटत होता. असल्या माणसाकडं चोरीची चौकशी करायला जायचं म्हणजे गुरुलिंगाला स्वतःचीच लाज वाटत होती.

"शरणार्थी अप्पा."

"शरणार्थी. ये, बस. कोणत्या मठाचा तू?"

लिंगायत माणसाला लिंगायत भेटला की मठ, गाव, सोयरीक असं सगळं निघतं, तसं निघालं. म्हाताऱ्याच्या बोलण्यात मध्येच एखादा कानडी शब्द येत होता. गुरुलिंगानं पाहिलं, खांबाशी एक लाकडी पाट टेकवलेला होता, त्याला दोरी बांधलेली.

"हे कशाला अप्पा?"

"गाडीत चढाया. पहिलं मी असा टांग टाकून चढत होतो. आता म्हातारपणी गुडघा उचलंना."

"गुडघा खाली आला, का गाडी वर गेली?"

सिद्रामप्पा नुसते हसले. गुरुलिंग पाय मोकळे करायच्या निमित्तानं बांधापर्यंत गेला. तिथं चिंचेखाली चौकोनी दगडी समाधी होती. सिद्रामप्पांचा एकुलता एक मुलगा रेवणसिद्ध, पिकअप तोच चालवायचा. काविळीनं गेला त्याला चार वर्षं झाली होती. समाधीवर ताजी विभूती आणि बेलाचं पान होतं. त्यात नवल नव्हतं. नवल पलीकडं होतं. तिथं मातीचा आणखी एक उंचवटा होता, आणि त्याच्यावरही विभूतीचे तीन पट्टे आणि बेलाची पानं.

दुसरा कुणी असता तर हात जोडून पुढं गेला असता. गुरुलिंगानं उंचवट्याच्या कडेनं पावलं टाकली आणि परत येऊन म्हाताऱ्यासमोर बसला.

"अप्पा, घरात आणखी कोण गेलं?"

"कोणी न्हाई. का?"

"आपल्यात माणूस बसवून पुरतात. बसलेल्या माणसाला चौकोनी खड्डा पुरतो. तुमची ती दुसरी समाधी दहा हात लांब आहे. तिच्यात कोण निजलंय?"

सिद्रामप्पांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला.

४

"पिकअपची चासी हाय," म्हातारा म्हणाला. "गाडीचा खालचा सांगाडा. वरची बॉडी दुसऱ्या चासीवर बशीवली. ही उरली. उदगीरचा मिस्त्री इरूपाक्ष म्हणला, भंगारात घाला. रेवणसिद्ध सतरा वर्षं तिच्यावर बसला. शेवटी दवाखान्याला बी त्याला तिच्यातनंच नेलं. भंगारवाला घन घेऊन आला आणि मला उभं राहवंना. म्हणून मातीत घातली. जंगमाला बोलवलं न्हाई हां, एवढा काय मी येडा न्हाई. विभूती तेवढी लावली."

"आणि दुसरी चासी कुणाची, हे विचारलं नाही?"

"इरूपाक्ष म्हणला, बेवारस हाय. मला पाणी न्यायचं होतं. मी पुढं इचारलं न्हाई. ती माझी चूक, लिहून घे."

विरूपाक्षाचं गॅरेज उदगीरला, बिदर रस्त्यावर होतं. पन्नाशीचा, ग्रीसनं काळे झालेले हात, आणि बोलताना पान्ह्यानं टायरवर ताल धरायची सवय. गुरुलिंगानं पाच नंबरची चावी त्याच्यापुढं धरली तेव्हा ताल थांबला.

"आता आली व्हय चावी?" विरूपाक्ष म्हणाला. "आता हिला कुलूप कुठलं राहिलं?"

त्यानं काही लपवलं नाही. बॉडी चेनकप्पीनं अख्खी उचलली, नंदीला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही, हे तो अभिमानानंच सांगत होता. जीपची चासी उंच, म्हणून बॉडीखाली जुन्या टायरचे जाड तुकडे घातले. स्टिअरिंगच्या भोकाची जागा जुळेना, ती नव्यानं पाडली. लांब चासीची जीप, तरी एक वीत तोकडीच पडली.

"नंदीचं शेपूट कापताना लई वाईट वाटलं बघा. पण बायकांची वाळूतली वाट तरी वाचली."

"विरूपाक्षा, ती सरकारी जीप होती."

"होती ना! मी कुठं न्हाई म्हणून राहिलो? चासीवरचा नंबर तसाच हाय, जाऊन बघा. चोरी करायची असती तर पहिल्या दिवशी कानस मारली असती." पान्हा पुन्हा टायरवर वाजू लागला. "ब्याऐंशीच्या जूनमधी सर्वे कॅम्पच्या डायव्हरनं बैलं लावून ओढत आणली. एक्सल मोडला होता. म्हणला, आठवड्यानं येतो. आठवड्यानं त्याचा कॅम्पच उठला, मग जिल्हा फुटला. मी एक्सल बशीवला आणि लातूरला कारड टाकलं, गाडी तयार हाय, घेऊन जा. उत्तर न्हाई. दुसरं टाकलं. तिसऱ्याला उत्तर आलं. मग मी कशाला लिहितो?"

"उत्तर आलं? कुणाचं?"

विरूपाक्षानं पत्र्याच्या पेटीतून, बेअरिंगच्या खोक्याखालून, घडी घातलेला कागद काढला. वर कचेरीचा शिक्का होता. खाली दोन ओळी: 'सदर वाहन या जिल्ह्याशी संबंधित नाही. पुन्हा पत्रव्यवहार करू नये.'

अक्षर फार वळणदार होतं. त्याच्याखाली साहेबांसाठी म्हणून केलेली सही होती, आणि ती गुरुलिंगाची होती.

५

तो त्या टायरवरच बसला. विरूपाक्षानं तांब्या पुढं केला. त्या वर्षी कुणी पाहुण्याला भरला तांब्या देत नसे.

"चोर सापडला?" विरूपाक्षानं विचारलं.

"सापडला. चोरी मात्र झालेलीच नाही." गुरुलिंग सावकाश बोलू लागला, आणि प्रत्येक वाक्यागणिक त्याचं तोंड कडू होत गेलं. "जिल्हा वाटला तेव्हा उस्मानाबादच्या कचेरीत भिंतीवर चाव्यांची फळी होती. गाड्या दौऱ्यावर, कॅम्पावर, चहूकडं. त्या गोळा करायच्या कधी? उद्या झेंडावंदन, परवा नवा जिल्हा. म्हणून आम्ही काय केलं, फळीवरच्या चाव्या मोजल्या. अकरा चाव्या, अकरा जीपा. यादी मी लिहिली. पाच नंबरची ती जास्तीची चावी होती. खरी चावी कॅम्पच्या ड्रायव्हरच्या खिशात आणि गाडी तुझ्या अंगणात. शेषेरावानं विचारलं होतं, गाडी बघितल्याबिगर सही कशी करू? मी म्हणालो, चावी हातात आहे ना, मग गाडी कुठं जाते?"

हे शेवटचं वाक्य त्याला आत्ता, टायरवर बसल्यावर आठवलं होतं. चार वर्षं ते कुठं दडून बसलं होतं कोण जाणे.

"आणि माझी कारडं?"

"तू लिहिलंस, सर्वे कॅम्पची जीप. कॅम्प राहिला उस्मानाबादकडं. म्हणजे जीपही त्यांचीच, असं मी ठरवलं. तू नंबर लिहिला होतास. माझी यादी मागच्याच कपाटात होती. उठलो असतो तर चार पावलं होती."

विरूपाक्षानं पान्हा खाली ठेवला. त्यानं ताल धरला नाही, तेच गुरुलिंगाला जास्त लागलं.

सगळा उलगडा झाला होता, फक्त एक गाठ राहिली होती. विरूपाक्षाला दांड्याचं दुखणं ठाऊक नव्हतं. त्यानं गाडी दिली तेव्हा फडकं नव्हतं. अण्णाराव तर जन्मात पहिल्यांदा असली गाडी चालवत होता. मग ते फडकं बांधायला त्याला शिकवलं कुणी?

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुलिंग पिकअपमध्ये अण्णारावाशेजारी बसून हिप्परगाळीला निघाला. वाळूत उतरताना त्यानं सरळ विचारलं. अण्णारावानं नुसता गिअर बदलला. गाडी चावडीसमोर थांबली, रांग हलली, आणि गुरुलिंगानं कस्तुराबाईला हाक मारून पुढच्या दाराशी बोलावलं.

"बाई, रोज तुम्ही मागं नळाशी उभ्या राहता. पुढं कधी डोकावलात का?"

"बाईमाणसाचं पुढं काय काम?"

"आज बघा."

तिनं दाराला धरून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात लांब करून छोट्या दांड्यावरचं हिरवं फडकं चाचपलं, आणि त्याचा काठ बोटांत धरला.

"हे माझ्या लुगड्याचं हाय," ती म्हणाली. "इरकली. लेकीच्या बारशाचं. संक्रांतीला त्यांनी मागून घेतलं, म्हणले लई मजबूत कपडा हाय, एका कामाला पायजे."

अण्णारावानं गळ्यातला रुमाल काढून तोंड पुसलं. "मामी, मला मामांनी बेलभंडार उचलाया लावला होता. पयल्या दिशी गाडी आली तवाच त्यांनी आवाज वळखला. कट्ट्यावर बसले होते, उठून आले, खाली वाकून चासीचा नंबर बघितला. मला वाटलं आता काय खरं न्हाई. तर म्हणले, अण्णा, चढाला छोटा दांडा निसटंल, उद्या फडकं आणून देतो. आणि म्हणले, कुणाला बोलू नको. आता बोललो तर गाडी पंचनाम्याला कचेरीत जाऊन उभी राहील, आणि गावाच्या बाया पुन्हा वाळूत. पाऊस पडू दे. पाऊस पडला की मी सोताच लातूरला जातो."

आणि शेषेराव गेला फाल्गुनात. फाल्गुनात कुठला पाऊस!

रांगेतली एकही बाई पुढं सरकली नाही. नळ कुणीतरी बंद केला, कारण पाणी वाया जायला लागलं होतं.

"नवरा चोर म्हणून मी तीन वर्षं खाली मान घालून गावात वावरले, ह्या रांगेत बी तशीच उभी राहिले," कस्तुराबाई हळूच म्हणाली. "आणि ते रोज कट्ट्यावर बसून ही गाडी बघत होते. मला तरी सांगायचं होतं." आणि तिथंच, गाडीच्या दाराला कपाळ टेकून, ती रडली.

६

गुरुलिंगापुढं आता मोठा पेच होता. कागद लावायचा तर जीप सापडली असं लिहावं लागणार. तसं लिहिलं की जीप जप्त होणार, आणि शेषेरावानं मरेपर्यंत जे राखलं ते एका सहीनं मोडणार. न लिहावं तर शेषेराव चोरच राहणार. आणि न लिहिण्यात गुरुलिंगाची कातडीही वाचत होती, हेच सगळ्यांत वाईट होतं. कस्तुराबाईनं तर निघताना सांगितलं होतं, "सायेब, पाऊस पडूस्तोर थांबा. त्यांनी थांबवलं ते मी मोडू का?" तिनं माफी दिल्यासारखी ती सवलत त्याच्या हातात ठेवली होती. ती घेतली असती तर त्याला स्वतःचं तोंड आरशात बघवलं नसतं.

सोमवारी त्यानं स्वतःच्या हातानं अहवाल लिहिला. चाव्यांचं लिहिलं, तीन कार्डांचं लिहिलं, आपलंच उत्तर सोबत जोडलं. शेषेराव यांचा ताब्याशी वा गहाळ होण्याशी काहीही संबंध नाही, चूक सर्वस्वी माझी, असं स्वच्छ लिहिलं. मग शेवटचा रकाना आला: वाहनाची सद्यस्थिती. तिथं पेन थांबलं. त्यानं डोळे मिटले तर त्याला वाळू ओलांडणारी ती गाडी दिसली, आणि त्यानं लिहिलं: 'सदर वाहन सुस्थितीत असून मौजे हिप्परगाळी येथे टंचाईच्या कामावर आहे.'

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी गुरुलिंगाकडं पाहिलं. टंचाईच्या कामावरची गाडी भर उन्हाळ्यात काढून घेतली, असा शेरा आपल्या नावावर कुणाला हवा असतो? त्यांनी खाली लिहिलं: टंचाई संपेपर्यंत ठेवावे. गुरुलिंगाची बढती गेली आणि टेबल तळघरातल्या रेकॉर्ड रूमला हललं. त्याचं त्याला काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं, की तो अख्खा अहवाल लिहायला त्याला पाऊण तास पुरला होता.

कागद चावडीवर डकवायला तो स्वतः गेला. खळ त्यानं लातूरहून डबीत नेली होती. गावात खळीला पाणी मागायची त्याची हिंमत नव्हती. कागद नीट चिकटल्यावर त्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवला. बायकांनी ऐकलं, म्हाताऱ्यांनी ऐकलं. गाडीपाशी सिद्रामप्पा पाटावर बसून ऐकत होते.

कस्तुराबाई पुढं आली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं शिक्क्यावर बोट फिरवून पाहिलं. मग गुरुलिंगानं खिशातून पाच नंबरची चावी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. ती आता कशालाच लागत नव्हती.

"सायेब," ती म्हणाली, "ह्यातलं सगळं तुमच्या कपाटातच होतं म्हणता. मग हे ते जित्ते असताना लिहिता आलं नसतं का?"

गुरुलिंगानं आयुष्यभर असल्या प्रश्नांना दोन ओळींत उत्तरं दिली होती. आता ते जमलं नाही.

"आलं असतं," तो म्हणाला.

बाईनं मान हलवली, चावी पदराला बांधली आणि घागर उचलून रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली.